या आठवड्याला काय?

भाऊंच्या हार्डवेअरच्या दुकानात अर्धा इंची एल्बो घ्यायला गेलात, तर एल्बो मागण्याआधी एक प्रश्न विचारून घ्यावा लागतो. "भाऊ, या आठवड्याला काय?" मनोरच्या बाजारातल्या जुन्या गिऱ्हाइकांना हे पाठ झालंय. नवखा माणूस थेट एल्बो मागतो आणि फसतो. थीम ‘वळण’ असेल तर तो एल्बो त्याच्याच हातात देऊन त्याला उन्हात उभं केलं जातं. "जरा वर धरा. अजून वर. चेहरा नकोय मला, बाजूला घ्या."

प्लंबर लोक तर काही आठवडे दुकान टाळतात. ‘पोत’ ही थीम होती तेव्हा एका प्लंबरच्या तळहातांवरच्या भेगा टिपण्यात भाऊंनी त्याची अख्खी सकाळ घेतली. ज्यांच्या घरचं पाणी बंद करून तो सामानाला आला होता, ते लोक दुपारपर्यंत रिकाम्या बादल्या घेऊन बसले होते. ‘गती’च्या आठवड्यात तऱ्हा उलटी. पाव किलो खिळे घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याला भाऊ दुकानाच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा उतरायला लावत होते. "आजोबा, घाईत उतरा. घरी कुणीतरी वाट बघतंय असं समजा." आजोबा म्हणाले, "घरी कुणी वाट बघत असतं तर तुझ्याकडे एवढा वेळ थांबलो असतो का?"

भाऊंची पन्नाशी उलटली आहे. अंगात बारा महिने अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर, कानावर पेन्सिल आणि गळ्यात कॅमेरा. टेस्टर लावून बघावा तसा ते कॅमेरा लावून बघतात, कुठे करंट आहे का. कॅमेरा मूळचा लग्नाचे फोटो काढणाऱ्या त्यांच्या मित्राचा. मित्राने मिररलेस घेतला तेव्हा जुना डीएसएलआर भाऊंकडे आला आणि बदल्यात मित्राच्या नव्या घराचं सगळं प्लंबिंगचं सामान दुकानातून गेलं. त्यामुळे कॅमेऱ्याचं कुणी कौतुक केलं की गल्ल्यावरून वहिनी सांगतात, "दोन संडास-बाथरूम गेलेत त्यात."

या सगळ्याच्या मुळाशी एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. पालघर, बोईसर, सफाळे, डहाणू, विक्रमगड अशा सगळीकडच्या हौशी फोटोवाल्यांचा. रविवारी रात्री नऊला थीम जाहीर होते. शनिवारी रात्री नऊपर्यंत प्रत्येकाने एकच फोटो टाकायचा आणि तो त्याच आठवड्यात काढलेला हवा. मागच्या आठवड्याचा विजेता हा या आठवड्याचा परीक्षक. बक्षीस काही नाही. एकदा कुणीतरी बक्षीस ठेवू या म्हणाला, तेव्हा ग्रुपमध्ये असं भांडण पेटलं की चार जण बाहेर पडले आणि त्यांनी दुसरा ग्रुप काढला. त्या ग्रुपचीही थीम रविवारीच जाहीर होते.

ही खोड फक्त आपल्याकडचीच नाही. बावन्न आठवडे, बावन्न फोटो असा नेम जगभर हजारो लोक पाळतात. कॅमेरा क्लबांमध्ये आधी विषय देऊन स्पर्धा घ्यायची चालही जुनी. मुंबईतली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया 1937 सालची. तिच्याही आधी, 1854 मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. भाऊदाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी त्यात होते, आणि 1855 पासून एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफी शिकवलीही जात होती. हे सगळं भाऊंना कुठल्याशा दिवाळी अंकात सापडलं आणि तेव्हापासून ते नारायण दाजींचं नाव घरातल्या वडीलधाऱ्याचं घ्यावं तसं घेतात. दीड इंची स्क्रू मोजता मोजता गिऱ्हाइकाला ऐकवतात, "तेव्हा काचेवर रसायन ओतायचं, आणि ते ओलं आहे तोवर फोटो काढून धुवूनही घ्यायचा. वाळलं की संपलं. त्यांना मिनिटं होती. आपल्याला आठवडा दिलाय, तरी आपण रडतो." गिऱ्हाईक मान हलवतं. रडत कोणीच नसतं, भाऊ सोडून.

भाऊंचं रडणं भूगोलाबद्दल आहे. ग्रुपमधल्या केळव्याच्या माणसाला समुद्र आहे, सातपाटीच्या माणसाला होड्या आहेत, डहाणूकराला चिकूच्या वाड्या आहेत. बोईसरच्या केमिकल इंजिनीअरला एमआयडीसीच्या चिमण्या आहेत, शिवाय त्याच्या एकट्या लेन्सची किंमत भाऊंच्या दुकानातल्या सगळ्या बॉल व्हॉल्व्हपेक्षा जास्त आहे. मनोरला काय आहे? हायवे. मुंबईहून अहमदाबादला जाणारा माणूस मस्तान नाक्यावर चहाला उतरतो, कंबर मोडून घेतो आणि जातो. समुद्र नाही, रेल्वेसुद्धा नाही. ‘रूळ’ ही थीम आली तेव्हा भाऊंनी त्याला मनोरद्वेष म्हटलं होतं.

"पण भरती आहे," ते मला म्हणाले. "वैतरणा कुठली? त्र्यंबकेश्वरची. समुद्राला कुठे मिळते? अर्नाळ्याकडे. आणि भरतीचं पाणी कुठवर चढतं? आपल्या मनोरपर्यंत! पूर्वी गलबतं यायची इथे." हे खरं आहे. म्हणून ‘लाट’ या थीमला ते नदीकाठी जाऊन बसले. भरती वेळेवर आली. पण नदीतली भरती लाट घेऊन येत नाही. पाणी नुसतं थबकतं, जरा विचार केल्यासारखं करतं आणि मुकाट उलटं चालू लागतं. भाऊंनी तो उलट्या पाण्याचा फोटो पाठवला, खाली सविस्तर खुलासा लिहिला. परीक्षक सातपाटीचे होते. त्यांनी शेरा दिला, "चिखलाचा रंग छान आलाय."

थीम निवडणाऱ्यांबद्दलही एकदा बोलून टाकतो. सुरुवातीला हे लोक ‘दार’, ‘चाक’, ‘हात’ अशा धरता येतील अशा गोष्टी देत. हळूहळू त्यांना भाववाचक नामांची चटक लागली. ‘अंतर’. ‘ओढ’. ‘अस्तित्व’. ‘ऊर्जा’ दिली तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली, 1969 पासून वीज देणारं तारापूरचं अणुकेंद्र. आणि नेमका त्याचाच फोटो काढायला बंदी. मग ग्रुपवर सूर्यच सूर्य आले. एकाने कढईतल्या वड्याचा फोटो टाकला. भाऊंनी भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाचा टाकला, आणि माझ्या मते त्या आठवड्याचा तोच खरा विजेता होता. पण परीक्षकाला हार्डवेअरचा अनुभव नव्हता.

‘एकटेपणा’ तर दर दोन-तीन महिन्यांनी येतोच. तो आला की पालघर जिल्ह्यातल्या बाकांवर बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याचा पाठीमागून फोटो निघतो. आमच्या पिढीच्या पाठी आता आमच्या तोंडांपेक्षा जास्त लोकांना ओळखू येतात. भाऊंचा म्हातारा मी. माझं घर दुकानासमोरच आहे आणि केस पिकलेले आहेत, एवढ्या भांडवलावर माझी नेमणूक कायम झाली. मला वैतरणेच्या काठी एका दगडावर बसवलं गेलं. माझी नातवंडं सोबत आली होती, ती कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून पाण्यात दगड मारत होती आणि ‘आबा, मागे बघा’ म्हणून ओरडत होती. भाऊ त्यांच्यावर खेकसत होते, "गप रे! आबा एकटे आहेत!" त्या फोटोखाली ग्रुपमध्ये तेरा जणांनी रडणारे चेहरे टाकले. बोईसरच्या इंजिनीअरने विचारलं की या काकांना काही मदत पोचवता येईल का.

भाऊंची खरी शोकांतिका मात्र थीममध्ये नाही, पंचांगात आहे. जगात फोटोच्या लायकीचं रोज काही ना काही घडत असतं, फक्त ते चुकीच्या आठवड्यात घडतं. ‘हिरवा’ आला भर मे महिन्यात, जेव्हा आमचे डोंगर करपलेले असतात आणि हिरवं म्हणून दाखवायला दुकानातला गार्डन पाइप तेवढा उरतो. ‘कोरडं’ आला जुलैत. ‘गर्दी’ आली तेव्हा बाजारात कुत्रं नव्हतं. ‘शांतता’ आली त्या आठवड्यात समोर लग्न निघालं, डीजेसकट.

आणि ‘सावली’! ही आली मेच्या तिसऱ्या आठवड्यात. भाऊ खूश. ऊन भरपूर, सावल्या भरपूर. त्यांनी ठरवलं, भर दुपारी काढायची, काळीकुळकुळीत. बारा वाजल्यापासून दुकानासमोरच्या सिमेंटवर दीड इंची जीआय पाइपाचा तुकडा सरळ उभा केला, लेव्हल बॉटल लावून ओळंब्यात आणला आणि कॅमेरा लावून बसले. सावली होती ती आखडत गेली. भाऊंनी कोन बदलला. ती आणखी आखडली. साडेबाराच्या पुढेमागे ती पाइपाच्या बुडाशी गेली आणि गायब झाली. भाऊंनी पाइप हलवून बघितला. मग स्वतः उन्हात उभे राहिले आणि स्वतःच्या पायांखाली वाकून बघू लागले. तिथेही नव्हती. समोरच्या चहावाल्याला त्यांनी हाक मारली, "इकडे ये, तुला आहे का बघ."

मी त्यांना घरात बोलावून पाणी दिलं आणि सांगितलं की कर्कवृत्ताच्या दक्षिणेला वर्षातून दोन दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आपल्याकडे एकदा मेच्या मध्यानंतर आणि एकदा जुलैच्या शेवटी. त्या दुपारी क्षणभर सरळ उभ्या वस्तूला सावली पडत नाही. शून्य सावलीचा दिवस म्हणतात. भाऊ ऐकत राहिले. चेहऱ्यावर विज्ञानाबद्दल आदर होता, पण परीक्षकाबद्दल नव्हता. "म्हणजे तीनशे पासष्टातले दोन दिवस सावली नसते, आणि त्यातला एक यांनी मला दिला." मी म्हटलं, तोच फोटो पाठवा, सावली नसलेला पाइप, कोणाला सुचणार आहे असं? ते म्हणाले, "काका, थीम ‘सावली’ आहे. तुम्ही म्हणता ती ‘अभाव’. ती आली की बघू." आणि तो फोटो ‘राखीव’मध्ये गेला.

‘राखीव’ हे भाऊंच्या कॉम्प्युटरवरचं एक फोल्डर आहे. चुकीच्या आठवड्यात घडलेलं सगळं जग त्यात कोंडलंय. नियमाप्रमाणे त्यातला एकही फोटो कधी स्पर्धेत जाऊ शकत नाही, कारण फोटो त्याच आठवड्यातला लागतो. मग ठेवता कशाला, असं मी विचारलं होतं. त्यांचं उत्तर तयार होतं. योग्य थीम आली की तो जुना फोटो घेऊन त्याच जागी जायचं आणि जे घडलं होतं ते पुन्हा घडवायचं.

‘प्रतीक्षा’चंच बघा. भाऊ कॅमेरा घेऊन बसथांब्यावर गेले. पण आमच्या नाक्यावर आता वाट बघायची सोयच राहिलेली नाही. माणूस थांब्यावर उभा राहतो न राहतो तोच ईकोवाला "पालघर, पालघर, पालघर" करत त्याला आत ओढतो आणि दाराशी बसलेल्याच्या मांडीवर बसवून निघतोसुद्धा. चेहऱ्यावर प्रतीक्षा उमटायला किमान पाच मिनिटं लागतात, तेवढी कुणाला मिळतच नाहीत. शेवटी भाऊंनी एका माणसाला हाताला धरून विनंती केली, "ही ईको सोडा. दोन मिनिटं लांब बघत उभे राहा. फार काही नाही." माणूस भला होता, उभा राहिला. ईको गेली. पुढची भरून आली. तिच्या पुढची थांबलीच नाही. त्या माणसाला पालघरला कोर्टात तारीख होती. भाऊंनी बटण दाबलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर प्रतीक्षेचा मागमूस नव्हता, निखळ संताप होता. कपाळाची शीर, आवळलेली मूठ, मागून धूळ उडवत गेलेली ईको, सगळं एका चौकटीत. भाऊंच्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला फोटो आहे. गेला ‘राखीव’मध्ये.

काही महिन्यांनी ‘राग’ ही थीम आली. भाऊंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी तो माणूस शोधून काढला, त्याच थांब्यावर उभा केला आणि म्हणाले, "मागच्या वेळेस रागावला होतात ना, तसंच परत." माणूस हसायला लागला. त्या दिवशीच्या तारखेला समोरच्या पार्टीचा वकीलही आला नव्हता, त्यामुळे काही बिघडलं नव्हतं म्हणे. भाऊंनी त्याला चिडवून बघितलं, कोर्टाची आठवण देऊन बघितली, त्याच्या भावकीबद्दल एकदोन शब्द बोलून बघितले. तो आणखीच हसला. शेवटी त्याने भाऊंनाच चहा पाजला आणि जाताना पाऊण इंची पाइपाचा भाव विचारून घेतला. आता तो त्यांचं पक्कं गिऱ्हाईक आहे. आला की स्वतःच विचारतो, "आज रागावू का?" जमत मात्र अजून नाही.

ब्रेसाँ नावाचा फ्रेंच फोटोग्राफर, जो 1948 मध्ये गांधीजींना त्यांच्या हत्येच्या दिवशी भेटून गेला होता आणि ज्याने मग अंत्ययात्रेचे फोटो काढले, त्याने फोटोतल्या नेमक्या क्षणाबद्दल बरंच लिहून ठेवलंय. भाऊ त्याला ‘ब्रेसनसाहेब’ म्हणतात आणि मानतात. त्यांचं एकच म्हणणं आहे की ब्रेसनसाहेबांना दुकान नव्हतं. नेमका क्षण येतो तेव्हा भाऊंच्या एका हातात तराजू असतो आणि समोरचा म्हणत असतो, "दोन खिळे वर टाका ना."

‘वर्तुळ’ आल्यावर भाऊंनी ठरवलं की पाड्यावरचा तारपा नाच काढायचा. वारली चित्रांमुळे ते वर्तुळ जगाला माहीत आहे. मध्ये तारपेवाला, भोवती हातात हात गुंफलेली माणसं. जिव्या सोमा मशेंना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच वर्तुळांना भिंतीवरून कागदावर आणल्याबद्दल. कल्पनेत काही खोट नव्हती. महिना मात्र जुलै होता. पाड्यावर कोणी घरात नव्हतं, सगळे खाचरात. भाऊ बांधावर उभं राहून एका म्हाताऱ्याला म्हणाले, "बाबा, अर्धा तास तारपा नाचता का? फोटो काढायचाय." म्हातारा आवणाची मूठ सोडवत होता. त्याने वर न बघता सांगितलं, "तारपा भात झाल्यावर वाजतो. आता लावणी. वेळ असेल तर उतर." भाऊंना नाही म्हणता आलं नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बांधावरच्या छत्रीला लटकवला. मग सर आली आणि खाचरातल्या पाण्यावर थेंबाथेंबाची वर्तुळंच वर्तुळं उठली, एकात एक, एकाला छेदत, या बांधापासून त्या बांधापर्यंत. भाऊंचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात होते. त्यांनी त्या रात्री मला त्या वर्तुळांचं जे वर्णन करून सांगितलं ते मी कुठल्याही फोटोच्या बदल्यात देणार नाही. फोटो म्हणून त्यांनी दुकानातला वॉशर पाठवला.

एकदा ‘मुकुट’ होती. अशेरी गडावर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड आहे, त्यावर मुकुट आहे. ग्रुपमध्ये हे आपल्या एकट्यालाच माहीत आहे, अशा समजुतीने भाऊ पहाटे खोडकोन्याहून चढले. कातळाचा टप्पा पार करून घामाघूम होऊन दगडापाशी पोचले, तर तिथे ग्रुपचे पाच जण आधीच उभे. सहाव्याने नंबर लावला. पुढच्या रविवारी थीम आली, ‘रांग’.

आता बिबट्याची गोष्ट सांगायला हरकत नाही, कारण ती तशीही जिल्हाभर झालेली आहे.

त्या आठवड्याला ‘सरळ रेषा’ होती. भाऊंना ही सोपी वाटली. दुकानात पाइपांची थप्पी असताना दुसरं काय लागतं? पण पाइप सगळेच उन्हाने थोडे वाकलेले निघाले. हायवेवरचे पांढरे पट्टे काढायला गेले, तर तिथल्या पोलिसाने विचारलं, "अपघात झालाय का?" असं करता करता गुरुवार उजाडला. त्या संध्याकाळी भाऊ पालघरहून माल भरून टेम्पोने परत येत होते. मांडीवर कॅमेरा तयार, कारण वाटेत विजेच्या तारा, रस्त्याचे कठडे, काही ना काही सरळ मिळेल अशी आशा. वाघोबा खिंडीत वळणावर टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक मारला. समोरच्या कठड्यावर बिबट्या बसलेला.

वाघोबाची खिंड म्हणजे नावाप्रमाणे वाघोबाचं ठिकाण. देवळासमोरून जाताना गाडीवाले हात जोडतात, हॉर्न देतात. पण देव स्वतः कठड्यावर येऊन बसेल, अशी कोणाची अपेक्षा नसते. उजेड होता. मागे काळदुर्गाचा डोंगर. बिबट्याने मान वळवून टेम्पोच्या काचेतून थेट भाऊंकडे बघितलं. बारा-पंधरा पावलांचं अंतर. कॅमेऱ्यात बॅटरी होती, लेन्सचं टोपण काढलेलं होतं. भाऊंनी कॅमेरा डोळ्याला लावला. त्यांनी बिबट्याला नाकापासून शेपटीपर्यंत काळजीपूर्वक न्याहाळलं. अंगावर कुठेतरी एखादी सरळ रेष आहे का, हे ते बघत होते. नव्हती. कॅमेरा खाली आला.

टेम्पोवाल्याला थीम नव्हती, त्यामुळे त्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला. तो रात्रीत सगळ्या ग्रुपांवर पोचला. शुक्रवार सकाळपर्यंत तोच बिबट्या कासा, जव्हार, तारापूर आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाबाहेरही दिसल्याचं कळलं. सगळीकडचे लोक घाबरले. पण व्हिडिओत बिबट्या उठून झाडीत उतरतो, त्याच वेळी एक आवाज ऐकू येतो, दुःखाने भरलेला. "ठिपके मागच्या महिन्यात होते हो!"

भाऊ म्हणतात, तो आवाज त्यांचा नाही. वहिनी म्हणतात, झोपेतही हाच आवाज येतो.

मी त्यांना फार छेडलं नाही. विषय हातात नसता तर भाऊ त्या रस्त्याने नेहमीसारखे डुलक्या घेत आले असते, हेही खरं आहे. थीम लागल्यापासून या गृहस्थाने मनोर जितकं बघितलंय तितकं आधीच्या पन्नास वर्षांत बघितलं नव्हतं. कोणाच्या दारावर शिलाहारकालीन वाटावी अशी कोयरी आहे, सकाळी नाक्यावर कामाची वाट बघणाऱ्या बायांच्या डब्यांना कुठल्या रंगाची फडकी असतात, ट्रकांच्या मागची ‘हॉर्न ओके प्लीज’ची अक्षरं कुठला रंगारी कशी वळवायचा, आणि 2015 मध्ये ती अक्षरं बंद करायचा हुकूम निघाल्यावर त्याने पुढे काय केलं, हे सगळं भाऊंना माहीत आहे. फक्त विचाराल त्या दिवशी ते सांगतील याची खात्री नाही. थीम वेगळी असली तर आठवत नाही त्यांना.

जिंकले ते एकदाच. थीम होती ‘चूक’. त्यांनी वेळ संपता संपता घाईत फोटो टाकला तो लेन्सवर बोट आलेला होता. परीक्षकांनी त्याला धाडसी म्हटलं. मग पुढच्या आठवड्याची थीम द्यायचा मान भाऊंना मिळाला. रविवारी दिवसभर दुकानात शुकशुकाट होता, कारण ते विचार करत होते. रात्री नऊला त्यांनी जाहीर केलं, ‘मनोर’. ग्रुपमध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही. मग डहाणूहून एकाने विचारलं, "म्हणजे हायवे चालेल ना?" आलेल्या फोटोंत चहाचे कप होते, वड्यांच्या प्लेटी होत्या, आणि एका सफाळेकराने गाडी पंक्चर झाली तेव्हाचा स्वतःचा फोटो टाकला होता. भाऊंनी पहिला नंबर कोणालाच दिला नाही. त्यावरून आणखी दोघं दुसऱ्या ग्रुपमध्ये गेले.

या वर्षी मात्र एक चमत्कार झाला. जूनच्या पहिल्या आठवड्याला थीम आली ‘निळा’, आणि त्याच आठवड्यात वादळी पावसाचा इशारा आला. आता आमच्याकडे पावसाची पहिली चाहूल म्हणजे ढग नव्हे, ताडपत्री. घरांच्या पत्र्यांवर, वीटभट्ट्यांवर, गवताच्या गंजीवर, टपऱ्यांवर, सगळं मनोर निळं होतं. भाऊ मला म्हणाले, "काका, पहिल्यांदा दोघं एकाच आठवड्यात आलेत!" पण ताडपत्री विकतं कोण? भाऊच. सोमवारपासून दुकानात अशी झुंबड की मीटर टाकून कापता कापता त्यांना मान वर करायला सवड मिळाली नाही. कॅमेरा गल्ल्यात पडून राहिला आणि वहिनींना खूप वर्षांनी हिशेब जुळताना दिसला. शनिवारी संध्याकाळी शेवटचा तुकडाही गेला. रिकामी नळकांडी उरली, ती करड्या रंगाची.

रात्री साडेआठला धो धो पाऊस, वीज गेलेली. माझा फोन वाजला.

"काका, झोपलात का? तुमच्या पत्र्यावर आहे ना, ती आपल्याच दुकानातली, निळी? दहा मिनिटं जरा उतरवून आणता का? बॅटरी मारून काढतो. नऊच्या आत टाकायचाय."

मी म्हटलं, "अहो, घरात पाणी येईल!"

"येऊ दे हो थोडं, पुढच्या आठवड्याला ‘पाणी’ असेल तर उपयोगी पडेल. आणि काका, घडी घालून आणू नका. नैसर्गिक दिसली पाहिजे."